शिदोबा घरचं खातो

एका गावात एक भोळा होता, अशी गोष्ट सुरू करायची पद्धत आहे. आमच्या गावात शिदोबा होता, त्यामुळं वेगळं 'भोळा' म्हणायची गरजच पडायची नाही. कुणी म्हणालं, "शिदोबा, जरा वाट बघ, मी आलोच," तर हा रस्त्याकडं टक लावून बसायचा. माणूस परत आला की म्हणायचा, "वाट बघितली. चांगली आहे. वडापाशी तेवढा एक खड्डा आहे."

मनानं मात्र निर्मळ. सांगितलेलं ऐकायचा. तेवढाच त्याचा गुण, आणि सगळी रडही तिथंच.

शिदोबाला एकच नाद होता, फाट्यावरच्या हॉटेलातली भजी. सकाळी भजी, दुपारी भजी, संध्याकाळी तोंड गोड करायला जिलेबी आणि तिच्यावर पुन्हा भजी. बायको चांगुणा घरी गरम भाकरी नि पालेभाजी करून बसायची, आणि हा ढेकर देत यायचा. पोट पुढं आलं. चपला घालायला वाकला तरी धाप लागायची. शेवटी चांगुणेनं त्याला ओढत तालुक्याच्या डॉक्टरकडं नेलं.

डॉक्टर कागद बघून म्हणाले, "रक्तात साखर वाढलीय."

शिदोबा खूश झाला. "तरीच डास माझ्याच मागं लागतात!"

चांगुणेनं कपाळावर हात मारला. डॉक्टर काही हसले नाहीत. म्हणाले, "हे हसण्यावारी नेऊ नका. बाहेरचं खाणं आजपासून बंद. घरचं खायचं. अख्खं धान्य, कडधान्यं, पालेभाज्या. तेल कमी. नाही ऐकलंत तर आज गोळ्या, उद्या सुया."

"बाहेर खायचं नाही, घरात खायचं," शिदोबा म्हणाला. "कळलं."

'कळलं' हा शब्द शिदोबाच्या तोंडून निघाला की चांगुणा देवाचं नाव घ्यायची. तसं तिनं आताही घेतलं.

दुसऱ्या दिवशी शिदोबा फाट्यावर गेला. भजी बांधून घेतली. हॉटेलवाला म्हणाला, "एक तरी गरम गरम तोंडात टाक की." शिदोबा म्हणाला, "नाही रे बाबा. बाहेरचं बंद." आणि पुडा छातीशी धरून घराकडं पळत सुटला. आत आला. दार लावलं, खिडकी लावली, कोपऱ्यात बसला आणि पुडा उघडला.

चांगुणा आतून आली. "अहो, हे काय?"

"घरात खातोय."

"अहो, पण हे बाहेरचं आहे!"

"बाहेर होतं," शिदोबा म्हणाला. "आता आत आणलं."

चांगुणेनं मोठा श्वास घेतला. "हे बघा. घरचं म्हणजे आपल्या चुलीवर शिजलेलं. आपल्या चुलीवर, आपल्या भांड्यात. कळलं?"

"असं होय! मग तसं सांगायचं की."

पुढच्या दिवशी चांगुणा पाणी घेऊन आली तर चुलीवर पातेलं रटरटत होतं. तिला इतकं बरं वाटलं! हंडा उतरवायच्या आधी तिनं झाकण उचललं. आत भजी शिजत होती. भज्यांबरोबर चार पाव आणि अर्धा किलो जिलेबी.

"आपलीच चूल, आपलंच पातेलं," शिदोबा पळीनं ढवळत म्हणाला. "आता सगळं घरचं झालं."

चांगुणा ओरडली नाही. मटकन खाली बसली आणि डोळ्यांना पदर लावला. "तुम्हाला काही झालं तर मी कुणाच्या तोंडाकडं बघायचं हो?" म्हणाली. मग उठली, कपड्यांचं बोचकं बांधलं आणि ओढ्यापलीकडच्या वाडीत माहेरी निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. तात्याबा म्हणजे मिश्यांना पीळ देणारा कडक माणूस. घरात पाऊलही टाकलं नाही. अंगणातूनच बोलले, तेही शेजारच्या भागाआत्याला साक्षीला उभं करून.

"जावईबापू, महिन्याभरानं मी जेवायला येणार. तुमच्या हातचं, घरी रांधलेलं, साधं नि चांगलं अन्न माझ्या पानात पडलं तर चांगुणा त्याच दिवशी परत. नाही पडलं तर ती माझ्याकडंच राहील. हा माझा शब्द."

"बरं, मामा," शिदोबा म्हणाला.

ते गेले आणि शिदोबाला घर कसं भकास वाटायला लागलं. दोरीवर चांगुणेचं लुगडं तसंच वाळत होतं. दोन दिवस त्यानं चूल पेटवली नाही. तिसऱ्या दिवशी भागाआत्याच्या दारात जाऊन उभा राहिला. डोळे लाल.

"आत्या, डॉक्टरांनी मला घर खायला सांगितलं, आणि घर मला खायला उठलंय. मला चांगुणा पाहिजे गं. मला रांधायला शिकव."

भागाआत्या तोंडाची फटकळ. तिच्या सुनेला विचारा. पण आतून मऊ. म्हणाली, "शिकवते की. त्यात काय मोठं? डॉक्टर काय म्हणाले?"

"अख्खं खा म्हणाले."

"बरोबरच आहे. अख्ख्यातच कस असतो बाबा. सालं काढायची नाहीत, मोडतोड करायची नाही. देवानं जसं दिलं तसं शिजवायचं." आत्या मूग-मटकीबद्दल बोलत होती. बोलता बोलता तिनं वेलावरचा एक भोपळा तोडून त्याच्या हातात दिला. "घे, आज याची भाजी कर."

शिदोबानं भोपळा घरी नेला. पातेल्यात बसेना. कढईत बसेना. मग त्यानं अंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा हंडा काढला आणि गुडघ्यानं रेटून भोपळा आत बसवला. सकाळपासून जाळ घातला. लाकडं संपली. शेण्या संपल्या. मग बसायचा पाट घातला. दिवस कलला तरी भोपळा आपला टणकच, आणि आता तो हंड्यातून बाहेरही येईना.

आत्या बघायला आली. "अरे मेल्या! मोठी वस्तू आधी चिरायची! विळी घ्यायची, बारीक चिरायची, मग शिजवायची!"

"असं होय! मग तसं सांगायचं की."

दुसऱ्या दिवशी आत्यानं त्याला हातसडीचे तांदूळ दिले. शिदोबानं विळी मांडली. पाट जळून गेला होता म्हणून फरशीवर बसला. एक तांदूळ घेतला, चिरला. दुसरा घेतला, चिरला. तिसरा उडाला तो सापडलाच नाही. दुपारपर्यंत चहाच्या बशीत मावतील एवढे झाले, बोटं चार ठिकाणी कापली, आणि जरा पाठ सरळ करायला उठला तेवढ्यात कोंबडीनं बशी साफ केली.

"आत्या, भोपळा परवडला," शिदोबा बोटांना चिंधी बांधत म्हणाला.

"तांदूळ चिरतात होय रे?" आत्या किंचाळली. "तांदूळ धुतात! चांगले चोळून धुवायचे, पाणी नितळ येईपर्यंत!"

"असं होय! मग तसं सांगायचं की."

तिसऱ्या दिवशी आत्यानं ज्वारीचं पीठ दिलं. न चाळलेलं, कोंड्यासकट. शिदोबानं पीठ परातीत घेतलं, पाणी ओतलं आणि चोळायला लागला. पाणी पांढरं आलं. ओतून दिलं. दुसरं घेतलं. तेही पांढरं. ओतून दिलं. शिदोबा चिकाटीचा माणूस. पाणी नितळ येईपर्यंत हटला नाही. शेवटी इतकं नितळ आलं की परातीचा तळ दिसायला लागला.

आनंदानं आत्याला हाक मारली. "आत्या, पीठ एवढं स्वच्छ झालंय, एवढं स्वच्छ झालंय, की दिसतसुद्धा नाही!"

आत्यानं परातीत बघितलं. मग शिदोबाकडं बघितलं. मग आकाशाकडं बघितलं. "पीठ धुतात का रे मुडद्या? पीठ मळतात! रगडून रगडून मळायचं, आणि दोन्ही हातांनी थापायचं!"

"असं होय! मग तसं सांगायचं की."

चौथ्या दिवशी दारावर टोमॅटोवाली आली. आत्यानं त्याला चांगले लालबुंद टोमॅटो घेऊन दिले आणि पाणी भरायला गेली. परत आली तर शिदोबाच्या घरातून धपाधप आवाज. दारातून डोकावली आणि घागर टाकून ओरडली, "अगं बाई, खून!"

भिंत लाल. जमीन लाल. शिदोबा कोपरापर्यंत लाल. परातीत रगडून रगडून, थापून थापून त्याला घाम फुटला होता.

"आत्या, याचा गोळाच होईना गं," तो रडकुंडीला येऊन म्हणाला. "थापायला गेलं की भिंतीवर जातंय."

गल्ली गोळा झाली होती. आत्यानं सगळ्यांना हाकललं. भिंत पुसता पुसता म्हणाली, "अरे, टोमॅटो कुणी मळतं का? डाळीबरोबर कुकरात घालायचे, झाकण लावायचं, आणि शिट्टी झाल्याशिवाय हात लावायचा नाही! कितीही धीर सुटला तरी नाही!"

"असं होय! मग तसं सांगायचं की."

पाचव्या दिवशी शिदोबानं पीठ घेतलं. धुतलं नाही. चिरलं नाही. मळलं, थापलं, तव्यावर टाकलं. सगळं बरोबर! भाकरीला कडेनं तीन कोपरे आले होते, पण भाकरी ती भाकरी. मग तो हात मांडीवर ठेवून शिट्टीची वाट बघत बसला.

भाकरी शिट्टी देईना. कडेनं धूर यायला लागला. शिदोबाला वाटलं, वाफ धरतेय, आता होईलच. घरभर धूर झाला. खोकून खोकून डोळ्यांतून पाणी आलं, पण त्यानं हात लावला नाही. तेवढ्यात शाळेच्या मैदानावर कवायतीच्या मास्तरांनी शिट्टी फुंकली.

"झाली!" शिदोबा म्हणाला आणि भाकरी उतरवली. म्हणजे उतरवायला गेला. त्यातला तवा कुठला आणि भाकरी कुठली हे ओळखायला थोडा वेळ लागला. दारात कुत्रं होतं, त्याला टाकली. कुत्र्यानं वास घेतला आणि त्या दिवसापासून ते खालच्या आळीत राहायला गेलं.

"भाकरीला शिट्टी नसते रे!" आत्यानं आता कपाळ बडवून घेतलं. "भाकरी तव्यावर असताना डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवायचं असतं!"

तुम्हाला कळलं. मलाही कळलं. सहाव्या दिवशी शिदोबा भिंतीला चाचपत चाचपत आत्याच्या दारात आला. डोळे सुजून भज्यांएवढे झालेले.

"आत्या, तेल घातलं. पण आता भाकरी कुठं आहे तेच दिसेना."

"अरे देवा! डोळ्यात तेल घातलंस?"

"एकेक थेंबच," शिदोबा म्हणाला. "डॉक्टरांनी तेल कमी सांगितलंय."

असे दिवस गेले. शिदोबाच्या पोटात काय पडत होतं म्हणाल तर जे रांधायला लागत नाही ते. काकडी, गाजर, पेरू, मूठभर शेंगदाणे, आत्यानं दिलेलं ताक. फाट्यावर मात्र तो एकदाही फिरकला नाही. कारण बंद म्हणजे बंद. पोट आत गेलं, धाप कमी झाली, पण त्याचं त्याच्याकडं लक्षच नव्हतं. महिना संपत आला होता. एका सकाळी तो आत्याच्या ओट्यावर बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

"माझी चांगुणा गेली गं आत्या. मला काहीच जमत नाही. तू सांगतेस ते सगळं मी करतो, तरी कसं काय चुकतं?"

आत्यानं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, "रडू नको. सांगण्यात अर्थ नाही, हे माझ्याच लक्षात आलं नाही. आजपासून माझ्यासमोर बसायचं. मी जे करीन ते बघायचं आणि अगदी तस्सं करायचं."

आत्यानं परात घेतली, शिदोबानं परात घेतली. आत्यानं पीठ मळलं, शिदोबानं मळलं. आत्यानं पदर खोचला. शिदोबानं खांद्यावरचं उपरणं डोक्यावरून घेतलं आणि कमरेला खोचलं. आत्या शिंकली. शिदोबाला शिंक येईना, म्हणून त्यानं नाकात काडी घातली.

आता आत्याची एक सवय होती. भाकरी थापताना ती सुनेला बोलायची. हात चालला की तोंड चालायचं, तोंड थांबलं की हात थांबायचा. तिनं पहिली भाकरी थापायला घेतली. "अगं ए सटवे! सूर्य डोक्यावर आला तरी लोळतेस! आईनं हेच शिकवलं का?" थाप, थाप, थाप. भाकरी चंद्रासारखी गोल.

शिदोबानंही थापायला घेतली. "अगं ए सटवे! सूर्य डोक्यावर आला तरी लोळतेस! आईनं हेच शिकवलं का?" थाप, थाप, थाप.

आणि काय सांगू! त्याचीही गोल झाली. तव्यावर टाकली, आत्यानं उलटली तेव्हा उलटली, आत्यानं जाळाला लावली तेव्हा लावली. टम्म फुगली. आतली सून मात्र बाहेर येऊन दोघांकडं बघत उभी राहिली. तिला आता एकाच वेळी दोन सासवा झाल्या होत्या.

भाकरी जमली. मग आत्यानं मटकी काढली. आता तिला घाई होती, दुसऱ्याच दिवशी तात्याबा यायचे होते. तरी तिनं एकेक शब्द सावकाश सांगितला.

"हे बघ शिद्या. कडधान्य वाळलेलं असतं. तसंच खाल्लं तर अंगी लागत नाही. आधी पाण्यात भिजत घालायचं. चांगलं फुगलं की फडक्यात घट्ट बांधायचं. उबेला ठेवायचं आणि वर वजन ठेवायचं. मोड आले की त्याची ताकद दुप्पट होते. आणि मोड आले की लगेच फोडणी द्यायची. उशीर केला की आंबतं."

"भिजवायचं, बांधायचं, उबेला, वर वजन. मोड आले की फोडणी," शिदोबा म्हणाला.

आणि शिदोबानं ते सगळं बरोबर केलं. मटकीच भिजवली. मटकीच बांधली. सकाळी फडकं सोडलं तर बोटभर मोड! आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. शिदोबा तर मोडांकडं बघून हरखूनच गेला. काल वाळून खडा झालेली मटकी आज बघा कशी तरतरीत!

दुपारी तात्याबा आले. रणरणतं ऊन. ओट्यावर चपला काढल्या, मिशीला पीळ दिला, पाण्याचा तांब्या घटाघटा प्याले आणि नवीन पाटावर बसले. आत्या दाराआड उभी. तिचा जीव टांगणीला लागला होता.

शिदोबानं पान वाढलं. मटकीची उसळ, मेथीची भाजी, काकडीची कोशिंबीर, हातसडीचा भात, ताक. आणि भाकरी थापायला बसला. "अगं ए सटवे! सूर्य डोक्यावर आला तरी लोळतेस!"

तात्याबांचा घास हातात राहिला. "कुणाला बोलताय?"

"कुणाला नाही, मामा. भाकरीत घालावं लागतं ते."

तात्याबांनी घास तोंडात टाकला. चावला. मिशी हलायची थांबली. दुसरा घास घेतला. मग मान खाली घातली आणि ताटातून नजर वर केली नाही ती उसळीचं पातेलं अर्धं होईपर्यंत.

"जावईबापू," ते हात धुऊन म्हणाले, "तुम्ही तर कमाल केलीत! आणि अंगानंही धड दिसताय की. शब्द म्हणजे शब्द. भागाबाई, चांगुणेला निरोप धाडा. म्हणावं, बोचकं घेऊन ये."

आत्यानं सुनेला ओढ्यापलीकडं पिटाळलं. शिदोबाला काय करू नि काय नको असं झालं. चांगुणा येणार! सासऱ्याच्या पायावर डोकं ठेवलं, तशी ते कण्हत म्हणाले, "असू द्या, असू द्या. उन्हानं पार वाळून गेलोय बघा. वय झालं. अंगात ताकद म्हणून राहिली नाही."

वाळून गेलोय. ताकद राहिली नाही.

शिदोबाचा चेहरा उजळला. ज्या माणसानं आपली बायको परत दिली, त्याच्यासाठी एवढंही करायचं नाही?

"मामा," तो म्हणाला, "तुम्ही आधी भिजा."

परसात गुरांच्या पाण्याचा हौद होता. सकाळीच भरलेला, गार. तात्याबांना वाटलं, जावई अंघोळ घालतोय. धोतरासकट हौदात बसले. "वा! बरं वाटलं. आता निघू का?"

"छे, अजून फुगला नाहीत."

"एवढं जेवलोय, फुगणार नाही तर काय!" तात्याबा खो खो हसले आणि आणखी घटकाभर बसले. मनात म्हणाले, असा जावई शोधून सापडायचा नाही.

बाहेर आले तर शिदोबा चांगुणेचं नऊवारी लुगडं घेऊन उभा. त्यांना वाटलं, अंग पुसतोय. डोळे मिटून उभे राहिले. शिदोबा एक फेरा मारी, आवळी. दुसरा फेरा मारी, आवळी. पोट भरलेलं, अंग गार झालेलं, तात्याबांना उभ्या उभ्या पेंग यायला लागली. खांद्यापासून पायापर्यंत गुंडाळून झालं, वर गाठ बसली, तरी त्यांना पत्ता नाही. शिदोबानं त्यांना अलगद आडवं केलं, चुलीजवळ उबेला सरकवलं आणि पोटावर वरवंटा ठेवला. ते घोरायला लागले.

शिदोबा शेजारी बसून राहिला. मोड यायला वेळ लागतो.

उन्हं उतरली तसे तात्याबा जागे झाले. हात हलेना. पाय हलेना. पोटावर वरवंटा. चुलीची धग. गळा काढून ओरडले, "अरे, मला काय झालंय? अंग पार मोडून आलंय रे!"

शिदोबानं उडीच मारली. "आले? मोड आले? आत्या, मटकीला रात्र लागली, मामांना दुपारीच आले!" आणि लगबगीनं कढई चुलीवर ठेवली. तेल कमीच घातलं. मोहरीचा डबा उघडला.

तेवढ्यात चांगुणा दारात आली. काखेत बोचकं. घरात मेथीचा वास, भाकरीचा वास, सारवलेली चूल, आणि चुलीपुढं बारीक झालेला नवरा. तिचं मन भरून आलं. "अहो," ती म्हणाली, "बाबा कुठायत?"

"ते काय, उबेला," शिदोबा म्हणाला. "छान मोड आलेत. फोडणीच देतोय."

चांगुणेनं झडप घालून कढई खाली उतरवली. लुगड्याच्या आतून तात्याबा गरजले, "चांगुणे! हा माणूस मला शिजवायला निघालाय! एक क्षण थांबू नकोस इथं! उचल बोचकं आणि चल माझ्या घरी!"

चांगुणेचा हात काखेतल्या बोचक्याकडं गेला. रडावं की हसावं तिला कळेना.

शिदोबानं मात्र सासऱ्याचं बोलणं नीट ऐकलं होतं. त्यानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. घरात दोन बोचकी. एक चांगुणेच्या काखेत, छोटंसं. एक चुलीजवळ, मोठं, मिशीवालं. बायकांनी जड कशाला उचलायचं? त्यानं वाकून मोठं बोचकं खांद्यावर घेतलं आणि मामांच्या घराकडं चालू लागला.

"अरे मला नाही! अरे, खाली ठेव! चांगुणेऽऽ!"

चांगुणा उंबऱ्यावर बसली आणि पोट धरून हसायला लागली. भागाआत्या आली, तीही शेजारी बसून हसायला लागली. आत्याची सून तर भिंतीला टेकून डोळे पुसत होती. हसून हसून दमल्यावर चांगुणा उठली. माहेरच्या वाटेकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. बोचकं खुंटीला अडकवलं, पान घेतलं आणि उरलेली उसळ वाढून घेतली. पहिला घास खाल्ला आणि म्हणाली, "आत्या, मीठसुद्धा बरोबर आहे गं." बोलता बोलता तिला रडू आलं, आणि रडता रडता तिनं दुसरी भाकरी घेतली.

इकडं शिदोबा गल्लीतून निघाला. खांद्यावर सासरा, पण धाप म्हणून नाही. पारावरच्यांनी विचारलं, "शिदोबा, काय नेतोस रे?" शिदोबा म्हणाला, "मोड आलेले मामा." ओढा ओलांडला, चढ चढला, वाडीत शिरला. ओरडून ओरडून तात्याबांचा आवाज बसला होता.

सासूबाई दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. शिदोबानं बोचकं अलगद त्यांच्यापुढं ठेवलं, उपरण्यानं तोंड पुसलं आणि म्हणाला, "मामी, मी दिलीच असती, पण मामांना घरी यायची घाई. फोडणी तेवढी तुम्ही द्या, आणि लगेच द्या. हे आंबायला लागलेत, वाटेत सारखे फसफसत होते."